साडेसहाशे बायका, दोन गावं: डॉ. राणी बंग यांच्या एका अभ्यासाचं प्रकरण

जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम चार पानांचा एक शोधनिबंध छापून आला. विषय होता ग्रामीण भारतातल्या बायकांचे स्त्रीरोग. पहिलं नाव होतं गडचिरोलीत राहणाऱ्या डॉ. राणी बंग यांचं. सहलेखकांत डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी होते. त्या चार पानांतला एक आकडा तेव्हापासून आजपर्यंत भाषणांतून, अहवालांतून फिरतो आहे: ९२ टक्के.

मी सार्वजनिक आरोग्य शिकवते. हे प्रकरण दर वर्षी वर्गात घेते आणि दर वर्षी तोच अनुभव येतो. आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो कशाचा आहे हे फार थोड्यांना सांगता येतं. म्हणून हे प्रकरण एकदा सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. एका संशोधक स्त्रीची कारकीर्द समजून घ्यायची तर तिने कोणता प्रश्न उचलला, तो कसा मोजला आणि त्या मोजमापाचं पुढे काय झालं, हे पाहायला हवं. पुरस्कार मी दोन वाक्यांत संपवते. बंग दांपत्याला २००३ मध्ये महाराष्ट्र भूषण मिळाला आणि २०१८ मध्ये पद्मश्री. आता कामाकडे वळू.

प्रश्न कुठून आला

राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या, माहेरचं आडनाव चारी. वैद्यकीय शिक्षण आणि स्त्रीरोगशास्त्रातली एम.डी. नागपूरला. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. परत आल्यावर दोघांनी निवडलं गडचिरोली. चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा होऊन हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला होता. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. तिथे त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली आणि १९८६ पासून काम सुरू झालं.

या दोन शिक्षणांचा मेळ या प्रकरणाच्या मुळाशी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाला समोर आलेली बाई दिसते. लोकसंख्येचं आरोग्य मोजायला शिकलेल्या माणसाला न आलेली बाईही मोजावी लागते. शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचं तर दवाखान्यात आलेल्या बायका हा अंश, गावातल्या सगळ्या बायका हा छेद. छेद माहीत नसेल तर 'हा आजार किती बायकांना आहे?' या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ओपीडीत कितीही गर्दी असली तरी. आणि स्त्रीरोगांच्या बाबतीत तिसऱ्या जगातल्या खेड्यांतला हा छेद तोवर कुणी मोजलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. इस्पितळांतल्या नोंदी होत्या. गर्भनिरोधनाच्या दवाखान्यांतल्या नोंदी होत्या. गावातल्या सगळ्या बायकांची, तक्रार असो वा नसो, तपासणी करून काढलेलं प्रमाण नव्हतं.

इथे एका मराठी शब्दाबद्दल बोलायला हवं. एपिडेमिऑलॉजीला आपण साथरोगशास्त्र म्हणतो. साथ म्हटली की पटकी, प्लेग, करोना डोळ्यांपुढे येतात. पण पांढरं जाण्याची साथ येत नाही. अंग बाहेर येण्याची, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरण्याची, साथ येत नाही. हे आजार घराघरांत वर्षानुवर्षं असतात, वाढत नाहीत, ओसरत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाहीत. कोणता आजार कुणाला, कुठे, किती आणि कशामुळे होतो हे मोजणारं हे शास्त्र आहे. शब्द बदलायची ताकद माझ्यात नाही, पण विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की या विषयात शिरताना साथ बाहेर ठेवून या.

त्या काळातली सरकारी आरोग्यसेवा आठवून पाहा. नर्सबाईच्या रजिस्टरात बाईसाठी ठरावीक रकाने होते: गरोदर, बाळंत, तांबी, ऑपरेशन. मार्च जवळ आला की कुटुंबनियोजनाच्या टार्गेटसाठी धावपळ. बाईच्या शरीराचा विचार व्हायचा तो पोटात मूल असताना, नाहीतर मूल होऊ नये म्हणून. पाळीचा त्रास, जंतुसंसर्ग, वांझपणाचं दुःख, उतारवयात खाली उतरलेली गर्भपिशवी, यांतल्या कशालाच रकाना नव्हता. आणि रकानाच नसला की त्या आजाराचा आकडा जिल्ह्याला जात नाही, जिल्ह्याचा राज्याला जात नाही.

वसा आणि अमिर्झा

अभ्यासासाठी गडचिरोली तालुक्यातली दोन गावं घेतली, वसा आणि अमिर्झा. घटना म्हणून हे एका ओळीत सांगून होतं. पण प्रत्यक्षात काय मागितलं जात होतं ते पाहा. जिला काही दुखत नाही, जी कधी डॉक्टरकडे गेलेली नाही, अशा बाईला सांगायचं की ये, तुझी आतून तपासणी करायची आहे. रक्तदाब मोजायला दंड पुढे करणं वेगळं आणि हे वेगळं. त्यात घरची कामं, रोजावर जायचं, सासू, नवरा, शेजारीण काय म्हणेल ही भीती. असला अभ्यास गावाच्या विश्वासाशिवाय होत नाही. तपासणारी डॉक्टर बाई असणं आणि ती आठवडाभराने निघून जाणारी नसणं, या दोन गोष्टींनी इथे किती फरक पडला असेल याची कल्पना ज्यांनी गावात सर्वेक्षण केलं आहे त्यांना येईल.

शेवटी ६५० बायकांचा अभ्यास झाला. लक्षणं विचारली, तपासणी केली, प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्या.

विचारण्याबद्दल थोडं थांबते, कारण सगळी खुबी तिथे आहे. प्रश्नावलीत 'तुम्हाला काही त्रास आहे का?' असं लिहिलं तर खेड्यातली बाई बहुतेक वेळा 'नाही' म्हणते. खोटं बोलत नसते. 'अंगावरून पांढरं जातं का?' विचारलं तर म्हणते, 'ते तर सगळ्यांनाच जातं.' त्रास म्हणजे ज्याने काम थांबतं ते. कंबर दुखत असताना धान लावता येतं, पांढरं जात असताना मोळी आणता येते, मग तो त्रास कसा? हे संवाद मी स्वतः ऐकले आहेत, गडचिरोलीपासून फार लांबच्या गावांत. म्हणून आजार मोजायचा तर आधी बाईचे शब्द शिकावे लागतात. राणीताईंनी ते शिकण्यात आयुष्य घातलं. पांढरं जाण्याबद्दल बायकांना स्वतःला काय वाटतं, त्या ते कशाशी जोडतात, यावर बंग दांपत्याने पुढे १९९४ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. आणि बायकांच्या आरोग्यावरच्या त्यांच्या मराठी पुस्तकाचं नाव आहे 'कानोसा'. कानोसा घ्यावा लागतो तो दाराआडच्या, हळू आवाजातल्या बोलण्याचा. तिथे बोलणं चालू असतंच, ऐकणाऱ्याला जवळ जावं लागतं.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका स्त्री-आरोग्य संघटनेच्या अहवालाने या विषयासाठी 'मौनाची संस्कृती' असा शब्दप्रयोग रूढ केला. तो मला कधी पटला नाही. बायका गप्प नव्हत्या. विहिरीवर, दाईजवळ, बहिणीजवळ त्या बोलत होत्या. ज्यांनी ऐकून नोंद करायची त्यांच्या नोंदवहीत ती भाषा नव्हती.

आकडे आणि त्यांतलं गणित

आता निबंधातले निष्कर्ष. ६५० पैकी ५५ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक तक्रार होती, ४५ टक्क्यांना कुठलंच लक्षण नव्हतं. तपासणीत ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. त्यांतले निम्मे जननमार्गाचे संसर्ग. आणि यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगांसाठी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

वर्गात मी इथे थांबवते आणि कागद-पेन्सिल काढायला सांगते. ६५० चे ९२ टक्के म्हणजे ५९८. निरोगी उरल्या ५२. लक्षण नसलेल्या ४५ टक्के म्हणजे सुमारे २९३. समजा त्या सगळ्या ५२ निरोगी बायका या बिनतक्रारीच्या गटातच होत्या. तरी २९३ मधून ५२ गेल्यावर २४० च्या आसपास बायका उरतात, ज्यांना आजार होता आणि तक्रार नव्हती. हा आकडा निबंधाच्या सारांशात नाही, पण तिथल्याच दोन टक्केवाऱ्यांतून निघतो, आणि ही किमान संख्या आहे. म्हणजे बिनतक्रारीच्या गटातल्या दर पाचांपैकी निदान चौघी आजारी होत्या. दवाखान्यात बसून कितीही कुशल डॉक्टरने वाट पाहिली असती तरी या २४० जणी त्याला दिसल्या नसत्या.

इथे दोन वेगवेगळे ८ टक्के आहेत आणि विद्यार्थी हमखास गोंधळतात. एक, आजार न सापडलेल्या बायका. दुसरा, पूर्वी तपासणी झालेल्या बायका. दोन्ही ५२ च आहेत, पण त्या एकच बायका आहेत असं समजायला काहीही आधार नाही.

आणखी एक निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही, आणि मला तो संशोधकाच्या प्रामाणिकपणाची खूण वाटतो. बायकांनी वापरायच्या गर्भनिरोधक पद्धती आणि स्त्रीरोग यांच्यात संबंध आढळला. त्या काळात ही बातमी एका बाजूला सोयीची आणि दुसऱ्या बाजूला अडचणीची होती. कुटुंबनियोजनाच्या विरोधकांना ती हवी होती, सरकारला ती नको होती. निबंधाने संबंध लपवला नाही, आणि लगेच हेही सांगितलं की एकूण आजारांतला अगदी थोडा भाग त्याने उलगडतो. उरलेल्याची मुळं दुसरीकडे शोधायला हवीत. निबंधाची शिफारस साधी होती: खेड्यांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेत स्त्रीरोगांची आणि लैंगिक आजारांची सेवा असली पाहिजे.

हा आकडा कसा वाचायचा

राणीताईंच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच या भागात कसूर करणार नाही. '९२ टक्के भारतीय स्त्रिया स्त्रीरोगांनी ग्रस्त' हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे. ते चूक आहे. हा दोन गावांतला, एका वेळचा अभ्यास आहे. एका वेळी घेतलेल्या अशा छायाचित्रातून आजार किती आहे ते कळतं, तो कधी सुरू झाला आणि कशामुळे हे कळत नाही. आतून तपासणीच्या कुठल्याही अभ्यासात काही बायका येत नाहीत, आणि न आलेल्या बायका आलेल्यांसारख्याच असतील असं धरता येत नाही. त्रास असणारी बाई उत्साहाने आली असेल, तर प्रमाण थोडं फुगतं.

दुसरी गोष्ट व्याख्येची. 'एक किंवा अधिक आजार' या टोपलीत सौम्य दाहापासून गंभीर संसर्गापर्यंत सगळं येतं. पाळीचं दुखणं आणि ओटीपोटातला जुना संसर्ग या दोन्हींची मोजणी एक-एक अशीच होते. त्यामुळे ९२ हा आकडा 'किती बायकांना सेवेची गरज आहे' याकडे बोट दाखवतो, 'किती बायका गंभीर आजारी आहेत' याकडे नाही.

इतर ठिकाणी मोजलं तेव्हा काय दिसलं? इजिप्तमध्ये गिझा भागातल्या दोन गावांत ५०९ बायकांचा असाच अभ्यास झाला, तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे निम्म्याहून अधिक बायकांना जननमार्गाचा संसर्ग होता आणि ५६ टक्के बायकांचं अंग उतरलेलं होतं. म्हणजे गडचिरोलीचं जंगल हे काही कारण नव्हतं.

मग गोवा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला उत्तर गोव्यात चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने ३००० बायका निवडल्या. त्यांतल्या २४९४ सहभागी झाल्या. संसर्ग आढळला २८.३ टक्के बायकांना, आणि त्यातला बहुतेक भाग योनीत एरवीही असणाऱ्या जंतूंचं संतुलन बिघडल्याने होणारा. लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग ४.२ टक्के. पांढरं जाण्याची तक्रार होती १४.५ टक्के बायकांची. तक्रार करणाऱ्या सगळ्यांना संसर्ग नव्हता. त्या तक्रारीचं ठळक नातं निघालं ते मनावरच्या ताणाशी, निराशेशी, थकव्याशी.

२८ आणि ९२ यांची थेट तुलना करू नये. गोव्यात मोजले ते संसर्ग, गडचिरोलीत सगळे स्त्रीरोग. मधल्या पंधरा वर्षांत चाचण्या बदलल्या, आणि गोव्याच्या बाईचं शिक्षण, पाणी, दवाखाना सगळंच वेगळं. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते, जी एकट्या अभ्यासातून दिसत नाही. गडचिरोलीत आजार होता आणि तक्रार नव्हती. गोव्यात तक्रार होती आणि पुष्कळदा तो आजार नव्हता. तक्रार आणि आजार ही दोन वर्तुळं एकमेकांवर पूर्ण बसत नाहीत.

याचा परिणाम फार व्यावहारिक आहे. नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत पुढे आणली. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी बाईने पांढरं जातं म्हटलं की ठरलेल्या गोळ्या द्यायच्या. हेतू चांगला होता. पण जिला तक्रारच नाही तिला त्या गोळ्या मिळत नाहीत, आणि जिचं दुखणं मनाचं आहे तिला विनाकारण मिळतात. शिवाय लैंगिक आजाराच्या गोळ्या म्हणजे घरात नवऱ्यावर किंवा बाईवर संशय. तो त्रास कुठल्याच आकड्यात येत नाही.

पुढची वर्षं

१९९४ च्या सप्टेंबरात कैरोला लोकसंख्या आणि विकासावरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि लोकसंख्या-नियंत्रणाऐवजी प्रजनन-आरोग्य हा शब्द जगभर रुजला. भारतात एप्रिल १९९६ पासून कुटुंबनियोजनाची टार्गेटं काढली गेली, ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आला आणि त्यात जननमार्गाच्या संसर्गांना जागा मिळाली. हे सगळं एका निबंधाने घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. स्त्रीचळवळीची कित्येक वर्षं त्यामागे होती. पण 'बायकांना असे आजार आहेत याचा पुरावा कुठे आहे?' असं विचारलं गेलं की पुढे ठेवायला तो निबंध होता.

राणीताईंचं मोजणं तिथे थांबलं नाही. पुढचा प्रश्न होता बाळंतपणाचा. घरी बाळंत होणाऱ्या बायकांना प्रत्यक्षात काय काय होतं? गडचिरोलीतल्या ३९ गावांत ७७२ बायकांचा शेवटच्या महिन्यांपासून बाळंतपणानंतर अठ्ठावीस दिवसांपर्यंत मागोवा घेतला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५२.६ टक्के बायकांना काही ना काही आजारपण आलं. त्यातलं जास्त आजारपण प्रसूतीनंतरचं होतं, ४२.९ टक्के, आणि प्रत्यक्ष कळांच्या वेळचं १७.७ टक्के. आपण सगळी घाई प्रसूतीच्या घटकेसाठी ठेवतो. बाळ रडलं की घर सुटकेचा श्वास सोडतं आणि बाळंतीण कोपऱ्यातल्या खाटेवर जाते. तिचं दुखणं बऱ्याचदा तिथून पुढे सुरू होतं. माझ्या मते हा अभ्यास पहिल्याइतकाच मोलाचा आहे, आणि त्याची आठवण मात्र क्वचित काढली जाते.

याच्याच जोडीला दाईंचं प्रशिक्षण, 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरात आदिवासी वस्तीसारखं बांधलेलं दंतेश्वरी रुग्णालय, तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान'. संशोधन आणि सेवा या दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती. ज्यांना तपासलं त्यांच्यातच पुढे राहायचं असेल तर अशी भिंत घालताही येत नाही.

बीडची चौकट

हे प्रकरण शिकवताना गेल्या काही वर्षांपासून मी शेवटी बीडला जाते. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमधलं देशभरचं प्रमाण साधारण ३ टक्के आहे. यांतल्या कितीतरी जणी पांढरं जातं, पोट दुखतं, पाळीचा त्रास होतो, एवढंच सांगायला गेल्या होत्या. 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' हे उत्तर मिळालं. फडावर खाडा झाला की मजुरी कापली जाते, तिथे पाळीच बंद होणं हा सुटकेचा मार्ग वाटला असेल तर त्या बाईला दोष कसा द्यायचा?

फळ्यावर मी एक चौकट काढते, चार घरांची. आडवी ओळ आजार आहे, आजार नाही. उभी तक्रार आहे, तक्रार नाही. मग विद्यार्थ्यांना वसा-अमिर्झाच्या बायका भरायला सांगते. आजार आहे आणि तक्रार नाही, या घरात किमान २४०. आजार नाही आणि तरी तक्रार आहे, या घरात गोव्यातल्या बायका येऊन बसतात. बीडच्या बायकांना कुठे ठेवायचं यावर वर्गात नेहमी वाद होतो, कारण पिशवी काढण्याआधी त्यांची नीट तपासणी झाली होती का, हेच बहुतेकींच्या कागदांवर नसतं. राहतं शेवटचं घर, तक्रारही नाही आणि आजारही नाही. तिथे साडेसहाशेंपैकी जास्तीत जास्त बावन्न.